बीएल-५सी ते पॉवर बँक : खिशातल्या आगीची गोष्ट

२००७ चा ऑगस्ट. श्रावण नुकताच लागला होता. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत माणसांनी आपल्या नोकियाचे मागचे झाकण काढले, बॅटरी बाहेर घेतली आणि तिच्यावरची बारीक अक्षरे उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला. ‘बीएल-५सी’ लिहिले असेल तर बॅटरी फुटते, अशी बातमी टीव्हीवर आली होती. ती एसएमएसने पसरली, पारावर पोचली आणि दर माणसागणिक थोडी मोठी होत गेली. कुणी फोन बंद करून कोनाड्यात ठेवला, कुणी बॅटरी काढून अंगणात ठेवली.

धाराशिव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होते. या जिल्ह्यात मोबाईल येऊन फार वर्षे झाली नव्हती आणि ज्याच्या हातात मोबाईल होता त्याच्या हातात बहुधा नोकियाच होता. भारताच्या बाजारात त्या काळी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या नोकियाचा होता. २००३ साली आलेला ‘११००’ हा फोन तर आपल्याकडच्या धुळीसाठी आणि अंधारासाठीच बनवला आहे, असे वाटावे असा होता. कळपाटावर रबरी आवरण, आत धूळ शिरू नये म्हणून. आणि डोक्याला टॉर्च. भारनियमनाच्या त्या वर्षांत खेड्यातली वीज दिवसाचे कितीतरी तास गायब असे. रात्री मोटार चालू करायला विहिरीवर जाणारा शेतकरी फोनच्या टॉर्चवर वाट काढत जाई. या ‘११००’ मध्ये जी बॅटरी होती तीच बीएल-५सी. कंपनीच्या स्वस्त फोनांपैकी बहुतेकांत तीच बसे. म्हणून फिनलंडमधून निघालेली सूचना कळंब, भूम, परंड्याच्या माणसाला थेट लागू झाली.

ती सूचना नेमकी काय होती? १४ ऑगस्टला नोकियाने जाहीर केले की जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांत दोष असू शकतो. चार्जिंग चालू असताना आत शॉर्टसर्किट होऊन बॅटरी तापते आणि जागेवरून उसळते. जगभरात अशा सुमारे १०० घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि कुणालाही गंभीर इजा झालेली नव्हती. बॅटरीवरचा २६ अंकी क्रमांक तपासा, तो त्या गटातला निघाला तर बॅटरी फुकट बदलून मिळेल. बीएल-५सी बॅटऱ्या तोवर ३० कोटींहून अधिक बनल्या होत्या आणि अनेक कंपन्या त्या बनवत होत्या. म्हणजे ज्या माणसाने घाबरून फोन कोनाड्यात ठेवला, त्याची बॅटरी बहुधा निर्दोष होती.

पण हे त्याला सांगणार कोण? २६ अंकांचा क्रमांक वेबसाइटवर टाकून तपासायचा होता आणि तालुक्याच्या गावातही इंटरनेट कॅफे मोजकेच होते. सेवा केंद्र गाठायचे म्हणजे एसटीने मोठ्या शहराला जायचे, एक दिवसाची मजुरी बुडवून. देशभर नोकियाच्या केंद्रांपुढे रांगा लागल्या, कर्मचाऱ्यांवर लोक चिडले, कंपनीच्या वेबसाइटवर ताण आला. नोकिया इंडियाचे तेव्हाचे प्रमुख डी. शिवकुमार यांच्या माणसांना पुढचे कित्येक दिवस एकच काम होते : दोष एका गटापुरता आहे, हे लोकांना पटवणे. मला या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा इथेच दिसतो. दोष लहान होता आणि कंपनीने तो लपवला नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवे. पण ‘परत घ्या’ ही व्यवस्था ज्या माणसाला गृहीत धरून आखली होती, त्याच्याकडे संगणक होता, इंग्रजी होते आणि शहरातला पत्ता होता. इतरांपर्यंत फक्त भीती पोचली.

या आगीचा इतिहास मात्र नोकियापासून सुरू होत नाही. १९८० च्या दशकात कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. जपानच्या एनटीटी कंपनीने त्या आपल्या सुरुवातीच्या मोबाईल फोनांत वापरल्या. १९८९ साली अशा एका फोनने पेट घेतला, फोन परत मागवावे लागले आणि मोली एनर्जी दिवाळखोरीला लागली. मोबाईलची आग आणि तिच्यापायी कोसळलेला उत्पादक ही जोडी मोबाईलइतकीच जुनी आहे.

शुद्ध लिथियम धातू धोक्याचा, हे त्यातून उमगले. त्यावर उपाय शोधला जातच होता. धातू न वापरता लिथियमचे आयन दोन थरांमध्ये ये-जा करत राहतील अशी बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तीच लिथियम-आयन बॅटरी आज आपल्या सर्वांच्या खिशात आहे.

तिच्या पोटात सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी असते. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्ट-लिथियमच्या संयुगाचा थर, आणि दोघांमध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा. तो माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. सगळी गुंडाळी एका ज्वलनशील द्रवात भिजलेली. पडदा शाबूत आहे तोवर सगळे ठीक. तो कुठे फाटला, दबला किंवा उष्णतेने वितळला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात, त्या जागी तापमान चढते, त्या उष्णतेने शेजारचा भाग बिघडतो आणि तो आणखी उष्णता सोडतो. काही क्षणांत हे चक्र आवरण्यापलीकडे जाते. कोबाल्टचा थर तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतो, त्यामुळे वरून हवा तोडून ही आग पुरती विझत नाही. तिला थंड करावे लागते. विमानातला पुढचा सगळा गोंधळ आणि सगळे नियम समजून घ्यायला ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

पडदा फाटण्याची कारणे दर वेळी नवी निघाली. २००६ साली सोनीच्या बॅटऱ्यांत तयार होतानाच धातूचे सूक्ष्म कण शिरले होते. ओसाकातल्या एका परिषदेत डेलच्या लॅपटॉपने पेट घेतल्याची छायाचित्रे त्या जूनमध्ये जगभर फिरली, आणि १४ ऑगस्ट २००६ रोजी डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्यापाठोपाठ अ‍ॅपलने १८ लाख. बरोबर वर्षभराने, त्याच तारखेला नोकियाची सूचना आली. तीन नामवंत कंपन्या, दोन वर्षे, आणि प्रत्येकीने बॅटरी दुसऱ्याकडून घेतलेली. नाव आपले आणि आतला सेल दुसऱ्याचा, हा या उद्योगाचा शिरस्ताच आहे. दोष उघड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवणार, हेही ओघाने आले.

विमानवाल्यांचे डोळे उघडायला त्याहून मोठी किंमत पडली. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघाले. हाँगकाँगहून आलेल्या मालात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर साधारण २० मिनिटांत आगीची सूचना वाजली. वैमानिक दुबईकडे वळले, पण कॉकपिट धुराने इतके भरले की त्यांना समोरची उपकरणे दिसेनात. विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. संयुक्त अरब अमिरातीच्या चौकशीत ठपका मालातल्या बॅटऱ्यांच्या आगीवर आला.

जानेवारी २०१३ मध्ये गोष्ट विमानाच्या स्वतःच्या अंगाशी आली. बोइंगचे नवेकोरे ७८७ ‘ड्रीमलायनर’ हलके व्हावे म्हणून त्यात लिथियम-आयन बॅटऱ्या बसवल्या होत्या. ७ तारखेला बोस्टनमध्ये उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात बॅटरी पेटली. १६ तारखेला ऑल निप्पॉन एअरवेजचे विमान धुराच्या इशाऱ्यामुळे ताकामात्सुला घाईने उतरवावे लागले. जगातली सगळी, म्हणजे ५०, ड्रीमलायनर जमिनीवर बसली. त्यांत एअर इंडियाची ६ होती. एअर इंडियाची विमाने मे महिन्यात पुन्हा उडाली, तेव्हा बॅटऱ्यांभोवती पोलादी पेटी आली होती आणि धूर बाहेर काढणारी नळीही.

१ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयसीएओने, प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल नेण्यावर बंदी आणली. त्याच एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. उस्मानाबादेतही टँकरच्या रांगांपलीकडे कुणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. पाच महिन्यांनी एका फोनचे नाव इथल्याही वर्तमानपत्रांत रोज येऊ लागले.

सॅमसंग गॅलेक्सी नोट ७. १९ ऑगस्ट २०१६ रोजी तो दक्षिण कोरिया, अमेरिका आणि इतर काही देशांत विक्रीला आला. भारतात किंमत जाहीर झाली होती ५९,९०० रुपये आणि विक्रीचा मुहूर्त होता २ सप्टेंबर, गणपतीच्या तीन दिवस आधी. पण पहिल्या दोन आठवड्यांतच चार्जिंगला लावलेले फोन पेटल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. ज्या २ सप्टेंबरला तो आपल्या दुकानांत यायचा, त्याच दिवशी सॅमसंगने सोलमध्ये सांगितले की ३५ प्रकरणे नोंदली आहेत आणि २५ लाख फोन परत घेतले जातील. भारतात तो विकलाच गेला नाही.

तरी तो इथे पोचला, विमानातल्या सूचनेतून. ९ सप्टेंबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हा फोन विमानात चालू करण्यास, चार्ज करण्यास आणि चेक-इन सामानात टाकण्यास मनाई केली. पुणे असो की हैदराबाद, उड्डाणाआधी हवाई सुंदरी एका कंपनीच्या एका मॉडेलचे नाव घेऊन प्रवाशांना बजावू लागली. कुठल्याही उत्पादकाला याहून महाग पडेल अशी जाहिरात मला तरी सुचत नाही.

सॅमसंगने बदलून दिलेले फोन ‘सुरक्षित’ म्हणून दिले होते. त्यांत दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइसव्हिल विमानतळावर साउथवेस्ट कंपनीचे विमान उड्डाणाच्या तयारीत असताना एका प्रवाशाच्या खिशातला असाच बदली फोन धुमसू लागला आणि सगळ्यांना खाली उतरवावे लागले. तिथे सगळा डाव संपला. ११ ऑक्टोबरला सॅमसंगने हा फोन कायमचा बंद केला. १४ ऑक्टोबरला अमेरिकी सरकारने तो विमानात नुसता जवळ बाळगण्यावरही बंदी जाहीर केली. विमानतळांवर सॅमसंगचे काउंटर लागले, की प्रवाशाने उड्डाणाआधी फोन तिथे द्यावा आणि दुसरा घ्यावा. ग्राहकांना घरी पाठवलेल्या परतीच्या पेटीला आतून उष्णतारोधक अस्तर होते, सोबत हातमोजे होते आणि ही पेटी विमानाने पाठवू नये अशी ताकीद होती. आपल्याच मालाला कंपनीने अशा हातमोज्यांनी उचलायला सांगावे, याचा त्या कारखान्यातल्या माणसांवर काय परिणाम झाला असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

२३ जानेवारी २०१७ रोजी सॅमसंगच्या मोबाईल विभागाचे प्रमुख कोह डोंग-जिन यांनी सोलमध्ये उभे राहून कारणे सांगितली. ७०० अभियंत्यांनी २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्या होत्या. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्याला जागा पुरत नव्हती, म्हणून आतला ऋण थर तिथे वाकत होता. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते, ते पडद्यातून आरपार जात होते. काहींत तर इन्सुलेशनची पट्टीच लावायची राहून गेली होती. दोन कारखाने, दोन वेगळे दोष, एकच फोन. हा निव्वळ योगायोग आहे असे मी मानत नाही. ३५०० एमएएच इतकी क्षमता इतक्या सपाट जागेत कोंबायची आणि तीही स्पर्धकाच्या आधी, असा हट्ट धरला की कोपऱ्याची जागा कमी पडणार आणि पट्टी लावायची राहणार. दुसऱ्या पुरवठादारावर अचानक लाखो बॅटऱ्यांचे ओझे आले, तेव्हा त्याच्याकडेही वेळ नव्हताच. कंपनीला पाच अब्ज डॉलरहून अधिक फटका बसला. तीस लाखांच्या घरातल्या फोनांपैकी ९६ टक्के परत आले, आणि ही टक्केवारी मात्र खरोखर दाद देण्याजोगी आहे.

मधल्या काळात आपल्याकडे घडलेली एक घटना या गदारोळात झाकली गेली. २३ सप्टेंबर २०१६ रोजी इंडिगोचे सिंगापूर–चेन्नई विमान उतरण्याच्या बेतात असताना प्रवाशांना धुराचा वास आला. डोक्यावरच्या कप्प्यातल्या एका पिशवीतून धूर येत होता. आत सॅमसंगचाच फोन होता, पण नोट २, म्हणजे चार वर्षे जुने मॉडेल. कर्मचाऱ्यांनी अग्निशामक फवारला आणि मग फोन पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून शौचालयात ठेवला. सगळे सुखरूप उतरले. ती नवी बॅटरी नव्हती, गाजलेल्या गटातली नव्हती. ज्या फोनांना कुणी परत बोलावत नाही, तेही म्हातारे होतात, हे इथे दिसले.

त्या कर्मचाऱ्यांनी जे केले तेच आज जगभर शिकवले जाते : ज्वाळा दाबा आणि पाण्याने थंड करा. चेक-इन करताना ‘बॅगेत पॉवर बँक आहे का’ हा प्रश्न त्यासाठीच. विमानाच्या पोटातल्या मालकक्षात आग विझवणारा वायू सोडता येतो, पण तो बॅटरीला थंड करत नाही, आणि तिथे माणूस पोचू शकत नाही. प्रवाशाच्या हाताशी असलेली बॅटरी पेटली तर कुणाला तरी दिसते.

पॉवर बँकेसाठीची १०० वॅट-तासांची मर्यादाही त्याच हिशेबाची. २० हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास, ती चालते. १०० ते १६० च्या दरम्यान असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. अडचण अशी की स्वस्त पॉवर बँकेवर छापलेला आकडा खरा असेलच याची खात्री नसते. मोबाईल, बॅटऱ्या आणि पॉवर बँकांना आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. पाकिटावर ब्युरोचा शिक्का असतो. आठवडी बाजारात चटईवर मांडलेल्या मालावर तो शोधावा लागतो.

२०२५ मध्ये पुन्हा एकदा सगळे झोपेतून जागे झाले. २८ जानेवारीला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाआधीच पेटले, वरचे छत जळून गेले. १७६ माणसे वेळेत बाहेर पडली. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेतून आग निघाली असावी, असे तिथल्या तपासाने म्हटले. १९ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, दिल्लीत धावपट्टीकडे निघालेल्या इंडिगोच्या दिमापूरच्या विमानात समोरच्या सीटच्या खिशातली पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती लगेच विझवली. त्यानंतर आपल्याकडेही नियम कडक झाले : विमानात पॉवर बँकेने काही चार्ज करायचे नाही आणि ती वरच्या कप्प्यात ठेवायची नाही.

धाराशिवकरांना हे नियम आता परके राहिलेले नाहीत. जिल्ह्याच्या स्वतःच्या विमानतळाचा भाडेपट्टा २००९ सालीच झाला, पण नियमित प्रवासी विमान तिथे उतरलेले नाही. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्या ऑक्टोबरात मुंबईचे. तुळजापूरहून तो विमानतळ तासाभराच्या अंतरावर आहे. पुणे-मुंबईत नोकरीला असलेली पोरे आई-वडिलांना पहिल्यांदा विमानात बसवतात, तेव्हा काउंटरवरचा तो प्रश्न त्यांनाही विचारला जातो. म्हातारी माणसे गोंधळतात, कारण पॉवर बँक बॅगेच्या तळाशी, कपड्यांत नीट गुंडाळून ठेवलेली असते, मौल्यवान वस्तू ठेवतात तशी.

आणि जमिनीवर? जिल्ह्यातल्या कुठल्याही मोबाईल शॉपीत बॅटरीची एक जुनी परीक्षा अजून चालते. बॅटरी काउंटरवर ठेवायची आणि बोटाने गरकन फिरवायची. सपाट बॅटरी लगेच थांबते, फुगलेली फिरत राहते. फुगणे म्हणजे आत वायू साठला आहे. अशी बॅटरी ना चार्ज करायची, ना दाबायची. दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते. गिऱ्हाईक विचारते, “ओरिजिनल कितीला, डुप्लिकेट कितीला?” किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असला की निकाल ठरलेला असतो. काढलेली फुगीर बॅटरी मग खोक्यात पडते आणि खोके भरले की भंगारवाला घेऊन जातो.

२४ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू केले. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकावर टाकली आहे. मोबाईलची बॅटरीही त्यांत येते. कळंब किंवा उमरग्याच्या मोबाईल शॉपीतल्या त्या खोक्यापर्यंत उत्पादकाचा माणूस पोचला पाहिजे. खोके भरले की कुणाला फोन करायचा, हे त्या दुकानाच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असले पाहिजे, आणि खोक्याचे पैसे दुकानदाराला मिळाले पाहिजेत, कारण भंगारवाला ते देतो.